न वाजलेला खडा

१

गुनसानच्या बंदरावर हिवाळ्याची सकाळ होते ती धुक्याच्या भोंग्याने. तो वाजून गेला की मासळीबाजारामागच्या गल्लीत शेवयांच्या दुकानाच्या फळ्या निघतात आणि त्याच दुकानाच्या माडीवर बोंग-सुन वहिनी आपले बादुकघर, काळ्या-पांढऱ्या खड्यांचा बादुक खेळायची जागा, उघडतात. शेगडीतला जळून पांढरा पडलेला कोळशाचा गोळा चिमट्याने उचलून त्या नवा बसवतात, किटलीत भाजलेले जव टाकतात, आणि पाणी उकळेपर्यंत ओल्या फडक्याने एकेक पट पुसून घेतात. खिडकीजवळचा पट तेवढा त्या पुसत नाहीत. त्यावर निळे कापड असते आणि कापडाखाली अर्धा राहिलेला डाव. त्याला खेळणाऱ्या दोघांखेरीज कोणी हात लावायचा नाही, हा नियम त्यांच्या यजमानांनी घातला होता. यजमान गेले, नियम राहिला.

निवृत्त फौजदार प्यो गी-नाम रोजच्यासारखे जिना चढून आले, बूट काढून ओळीत ठेवले आणि शेगडीशी हात शेकत बसले. बादुक त्यांना उतारवयात लागला होता आणि फारसा जमलाही नव्हता. भिंतीवर खेळाडूंच्या नावांच्या लाकडी पट्ट्या दर्जाप्रमाणे टांगलेल्या होत्या. त्यांची पट्टी सर्वांत खालच्या ओळीत, दाराच्या बिजागरीजवळ होती. ती मिळाली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना माशाचा रस्सा पाजला होता.

"फौजदारसाहेब, पट्टी अजून तिथंच आहे. रोज बघायला नको," वहिनी म्हणाल्या.

"पळून जाईल की काय अशी भीती वाटते, वहिनी. माझ्यासारख्याच्या नावाला ती जागा परवडत नाही."

एवढ्यात खिडकीजवळ डॉक्टर छोन उ-जिन यांचा आवाज चढला. छोन दातांचे डॉक्टर. पस्तिशीतले, आणि भिंतीवरच्या पहिल्या ओळीतले. त्यांनी निळे कापड बाजूला केले होते. पटाच्या एका बाजूला उम मास्तर बसले होते, एकेकाळचे भूगोलाचे शिक्षक. दुसऱ्या बाजूला ब्योन कप्तान, ज्यांनी उभा जन्म मोठी जहाजे ओढून आणणारी ओढबोट चालवली. हिवाळ्याची किमची, कोबीचे तिखट लोणचे, घालून झाली की हे दोघे एक डाव मांडत, रोज सकाळी मोजक्या चाली खेळत, आणि चांद्रवर्ष उलटेपर्यंत तो पुरवत. गेली कित्येक वर्षे हे असेच चालले होते. सारे बादुकघर त्या डावाकडे डोळे लावून असे.

"हा काळा खडा काल इथं नव्हता," छोन म्हणाले. "काल निघताना मी कापड उचलून डाव पाहून ठेवला होता. रात्री अंथरुणात मनात मांडला. कोपऱ्यातले काळे मेले होते. एकच घर उरलं होतं त्यांना. आज दोन घरं आहेत."

 वेढल्या गेलेल्या खड्यांना आत दोन घरे, म्हणजे दोन मोकळ्या जागा, राखता आल्या तर ते जगतात. एकच उरले तर मरतात. या खेळातले सारे जगणे-मरणे एवढ्यावर उभे असते. आणि काळे खडे उम मास्तरांचे होते.

मास्तरांनी चष्मा पुसला. "उ-जिन, तो खडा पहिल्यापासून तिथंच आहे. तू नीट पाहिलं नसशील, बाळ."

"सर, मी लहानपणी तुमच्याकडेच पाहायला शिकलो."

"मग मी नीट शिकवलं नसेन."

कोणी हसले नाही. छोन यांचा चेहरा लाल झाला होता. "या घराची रीत सगळ्यांना माहीत आहे. मांडलेला डाव हलवणाऱ्याची पट्टी उतरते. शनिवारच्या बैठकीत मी हा विषय काढणार. मला काही यात आनंद नाही." त्यांनी कप्तानांकडे पाहिले. "नुकसान तुमचं झालंय, कप्तान. तुम्ही तरी बोला."

ब्योन कप्तानांनी जवाचा कढत चहा एका घोटात संपवला.

"हललेलं काही नाही," ते म्हणाले. "खडा तिथंच होता."

ज्याच्या घरात चोरी झाली, तोच माणूस शपथेवर सांगत होता की चोरी झाली नाही.

२

"तुम्ही आयुष्यभर चोर धरलेत," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "हा एक धरा. पण शनिवारच्या आत, आणि आरडाओरडा न करता."

मागच्या खोलीत त्या डाळीच्या मोडांची शेपटे खुडत बसल्या होत्या. प्यो कोपऱ्यात उकिडवे बसले.

"सकाळी पटाजवळ एकटं कोण होतं?"

"आधी कप्तान आले, वाळवलेली मासळी घेऊन. मी इथंच बसले होते. मग ते खाली शेवया खायला गेले. मग मी-ह्यांग तिच्या वडिलांना, मास्तरांना, पोचवायला आली. जाताना तिनं त्यांचा मफलर खिडकीशी ठेवला. मग मास्तर एकटे बसून होते. त्यानंतर तुम्ही."

"आणि काल शेवटी डॉक्टर."

"त्यांना मी स्वतः बाहेर काढलं. कुलूप माझ्या हातचं." त्या थांबल्या. "पण फौजदारसाहेब, एक सांगू? तो पट वाजला नाही."

प्यो यांना हे वेगळे समजावण्याची गरज नव्हती. खिडकीजवळचा पट जुन्या घडणीचा होता. आतून पोकळ, आणि त्या पोकळीत तारा ताणलेल्या. खडा ठेवला की खोलीभर बारीक झंकार उठे आणि हळूहळू विरत जाई. उम मास्तर दोन बोटांच्या टोकांत खडा धरून असा टिचकीने ठेवत की खालच्या दुकानातली माणसेही म्हणत, मास्तर आले.

"झोपेतसुद्धा मला तो आवाज कळतो," वहिनी म्हणाल्या. "मधे नुसता कागदाचा दरवाजा आहे. आज काहीच वाजलं नाही."

"चोर जपूनच ठेवणार, वहिनी."

"मास्तरांना जपून ठेवताच येत नाही. माझे यजमान त्यांना सांगून दमले, पोर झोपलंय, हळू खेळा. जमलं नाही."

दुपारी प्यो मी-ह्यांगला गाठायला बंदरावरच्या कापड दुकानात गेले. ती तिथे काम करी. चाळिशीची, अविवाहित, बापाबरोबर राहणारी. काय झाले ते तिच्या कानावर आधीच आले होते.

"काका, बाबा खोटं बोलत नाहीत."

"ते मला माहीत आहे, पोरी. तू सकाळी पटाला हात लावलास?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठला खडा कुठं ठेवू?" तिने कापडाची गुंडाळी उगाच पुन्हा गुंडाळली. "हल्ली थोडं विसरतात, एवढंच. किल्ली, चष्मा. वय झालं."

"आणखी काही?"

ती जरा हसली. "रताळी. घरी येताना रोज दोन भाजलेली रताळी घेतात. एक खातात, एक कोटाच्या खिशात. मला कधी देत नाहीत. मला रताळ्यानं जळजळतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सकाळी कोट झटकताना मी ते गार झालेलं काढते. विचारलं तर म्हणतात, 'तिच्यासाठी होतं.' मी म्हटलं, वहिनींसाठी असेल."

"वहिनींना कधी मिळालेलं मी पाहिलं नाही," प्यो सावकाश म्हणाले.

मी-ह्यांगचे हसू मावळले. तिने कात्री खाली ठेवली. "काका, त्यांची पट्टी उतरवू देऊ नका. बाकी त्यांच्याजवळ काय आहे? तो पट नसेल तर सकाळी मी त्यांना उठवायचं तरी कशासाठी?"

३

प्यो माडीवर परतले तेव्हा छोन एकटेच खिडकीशी उभे होते.

"डॉक्टर, तुम्ही स्वतःच खडा हलवून आरोळी ठोकली असाल, हेही मला धरून चालावं लागेल."

"धरा," छोन तुटकपणे म्हणाले. "बाराव्या वर्षी मला ज्या माणसानं सांगितलं की हरलास तरी खडा सरळ ठेव, त्या माणसाची पट्टी उतरवून मला काय मिळणार? दात काढताना दुसऱ्याचं दुखतं, फौजदार. इथं माझंच दुखतंय."

प्यो पटाशी बसले. त्यांनी कापड दुमडून ठेवले आणि डावाकडे पाहिले. त्यातली चाल त्यांना कळत नव्हती. म्हणून ते नुसते खडे पाहू लागले, जसे पूर्वी खोलीतल्या वस्तू पाहत. पांढरे शिंपल्याचे, काळे पाटीच्या दगडाचे. कित्येक वर्षे एकाच हातातून फिरून काळ्या खड्यांवर धुरकट, कोरडी छटा आली होती.

वादाचा खडा मात्र चकाकत होता.

त्यांनी तो चिमटीत उचलला आणि नाकाशी नेला.

"काय करताय?" छोन म्हणाले.

"वास घ्या."

छोन यांनी वास घेतला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कापूर."

"ब्योन कप्तानांची मधली दोन बोटं बोटीच्या दोरखंडानं नेली. थंडीत ती जागा ठणकते, म्हणून ते कापराचं मलम चोपडून येतात. उरलेल्या बोटांनी टिचकी देता येत नाही. अंगठ्यानं धरून खडा नुसता टेकवतात. तुम्हीच त्यांना चिडवता ना, कप्तान खडा ठेवतात की लपवतात म्हणून? त्यांच्या हातून पट कधीच वाजत नाही."

"पण ते पांढऱ्यांनी खेळतात. काळ्या खड्याला ते हात कशाला लावतील? मारलेला काळा खडा त्यांच्या डब्याच्या झाकणात जातो, तो परत पटावर येत नाही."

"तेच."

"म्हणजे कप्तानांनी शत्रूचा खडा हलवला. स्वतःचा डाव घालवायला!" छोन खाली बसले. "मास्तरांना मुद्दाम जिंकू देत होते? मग तर हा मास्तरांचाही अपमान आहे."

प्यो खिडकीच्या उजेडात पटावर वाकले होते. त्यांनी दुसरा एक काळा खडा तिरका करून पाहिला. मग कडेचा आणखी एक. मग मधला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हा एकच खडा नाही. यातले बरेच चकाकतात. हे आज सुरू झालेलं नाही. रोज सकाळी चाललंय. आजच्या खड्यानं एक अख्खा कोपरा जगला म्हणून तुमच्या डोळ्यांत आलं, एवढंच."

"माणूस रोज सकाळी उठून स्वतःला हरवतो? कशासाठी?"

४

डाव संपला की हरलेल्याने आणि जिंकलेल्याने मिळून तो पहिल्या खड्यापासून आठवणीने पुन्हा मांडायचा, ही या लोकांची जुनी सवय. चांगल्या खेळाडूला ते अवघड जात नाही. प्रत्येक चालीला कारण असते, आणि कारण आठवले की खडा आठवतो. प्यो यांना ते कधीच साधले नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी उम मास्तरांपुढे एक साधा पट ठेवला तेव्हा कोणाला नवल वाटले नाही.

"मास्तर, हिवाळ्याचा हा डाव मला पहिल्यापासून मांडून दाखवता? माझ्या टाळक्यात शिरत नाही."

"टाळकं ठीक आहे, प्यो. तुम्ही उत्तराची घाई करता. पोलिसांचा दोष." मास्तर खुशीत आले. शिकवायला मिळाले की त्यांची पाठ ताठ होई.

छोन मागे उभे राहिले. बोलायचे नाही, असे प्यो यांनी त्यांना आधीच बजावले होते.

मास्तर एकापाठोपाठ एक खडे ठेवू लागले. काळा, पांढरा, काळा. हात अडखळत नव्हता. "इथं कप्तान दांडगाई करतो... इथं मी थांबतो... ही चाल सुंदर आहे, माझी नव्हे, त्याची." सुरुवातीला छोन मान डोलावत होते. मग त्यांची मान थांबली. त्यांनी पुढे व्हायला पाऊल उचलले तेव्हा प्यो यांनी त्यांची बाही धरून ठेवली.

पटावर हळूहळू तोच कोपरा उमटला. वादाचा काळा खडा मास्तरांनी निःशंक मनाने, टिचकीसरशी जागच्या जागी ठेवला. आणि तिथे न थांबता ते पुढे आणखी काही खडे ठेवत गेले, जे खिडकीजवळच्या पटावर अजून आलेच नव्हते.

"इथवर झालंय," ते म्हणाले. "पुढची चाल कप्तानची. उद्या खेळेल." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "चला, मी निघतो. रताळीवाला उठून जाईल, आणि ती वाट बघत बसेल. माझ्याशिवाय जेवत नाही ती. किती वेळा सांगितलं."

"मी-ह्यांग?" प्यो यांनी हलकेच विचारले.

"मी-ह्यांग शाळेतून यायचीय अजून," मास्तर मफलर गुंडाळत म्हणाले. "तिची आई."

जिन्यावरून त्यांची पावले खाली गेली. ओक-बुन बाईंना, मी-ह्यांगच्या आईला, जाऊन बरीच वर्षे लोटली होती. त्यांच्या मयताला प्यो गणवेशात गेले होते.

छोन पटाकडे पाहत राहिले. "सुरुवात या वर्षीच्या डावाची आहे," शेवटी ते म्हणाले.  "मग कुठंतरी वाट बदलते. हा डाव वेगळा आहे. मी कधी न पाहिलेला."

५

ब्योन कप्तान धक्क्यावर बसून जाळ्याची गाठ सोडवत होते. ते काम कोणी सांगितलेले नव्हते. हातांना चाळा हवा म्हणून ते करत. प्यो शेजारी बसले आणि पटावर त्याच्या जागी दुसरा ठेवून आणलेला तो काळा खडा त्यांनी कप्तानांच्या तळव्यावर ठेवला.

"कापराचा वास येतो, कप्तान."

कप्तानांनी खडा पाहिला, हुंगला आणि हसले. "चाळीस वर्षं समुद्रावर काढली. पुरावा बुडवता आला नाही."

"कुणाचा डाव आहे तो?"

ओहोटी लागली होती. चिखलात रुतलेल्या बोटी एका कुशीवर कलल्या होत्या.

"ओक-बुन वहिनी गेल्या त्या हिवाळ्याचा," कप्तान म्हणाले. "डाव अर्धा होता. मास्तरानं खडा ठेवला, पट वाजला, आणि तो आवाज विरायच्या आत खालून कुणीतरी हाक मारली. बाजारात वहिनी पडल्या होत्या. तो डाव आम्ही पुरा केला नाही. पुन्हा मांडलाही नाही. पुढच्या वर्षी नवा सुरू केला, जणू तो झालाच नव्हता."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी एका सकाळी मास्तरानं कापड काढलं. बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, 'कप्तान, हा डाव कुणाचा आहे रे?'" कप्तानांनी जाळे खाली ठेवले. "धुक्यात किनारा हरवलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिलेत, फौजदार. तसा चेहरा होता.  मी म्हटलं, थट्टा करतोस होय? तो हसला, पण त्याला कळलं होतं की आपल्याला काहीतरी होतंय. ते हसू पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात."

"मग?"

"मग तो ज्या चाली बोलून दाखवायचा त्यावरून मला उमगलं, त्याला कुठला पट दिसतो ते. मला दोन्ही डाव पाठ आहेत. रोज सकाळी आधी येतो, आणि एखाददुसरा खडा सरकवतो. तो आता इकडं येऊ शकत नाही. मग पटच तिकडं न्यायचा."

प्यो यांनी कप्तानांकडून खडा परत घेतला. "तो डाव संपला की काय होईल, कप्तान?"

"म्हणून तर मी सावकाश खेळतो," कप्तान म्हणाले. "तुम्ही सगळे म्हणता, म्हातारा झाला, चालीला उशीर लावतो. लावतो. त्या डावात ओक-बुन वहिनी अजून बाजारात जायच्या आहेत."

एक बगळा चिखलातून पाय उचलत गेला.

"शनिवारी माझी पट्टी उतरवा. सांगा, ब्योननं खडे हलवले."

"लोक विचारतील, स्वतःच्या नुकसानीसाठी कसे हलवले? मग खरं सांगावं लागेल. आणि खरं सांगितलं की मास्तरांच्या कानावर जाईल."

कप्तानांनी मान खाली घातली. यातून सुटणारी चाल त्यांनाही दिसत नव्हती. मास्तर लबाड ठरले तर त्यांचा पट जात होता. मास्तर आजारी ठरले तर त्यांचा आधार जात होता. एकच घर उरलेला खड्यांचा पुंजका, आणि सगळीकडून वेढा.

प्यो यांनी खडा खिशात टाकला. नोकरीत त्यांनी कधी खोटा अहवाल लिहिला नव्हता. त्या एका गोष्टीमुळे त्यांना हवालदाराचे फौजदार व्हायलाही फार उशीर लागला होता. घरी जाताना ते बंदराच्या बाजूने लांबचा रस्ता धरून गेले.

६

शनिवारी शेगडीभोवती सगळे जमले. मी-ह्यांग दाराशी उभी होती. उम मास्तर आपल्या जागी, कप्तान समोर. छोन यांच्यावर सगळ्यांची नजर खिळली, पण ते बोलायला उठले नाहीत. उठले ते प्यो.

"डॉक्टर खरं बोलत होते," ते म्हणाले. "खडा हलला होता. तो मी हलवला."

किटलीचे झाकण खडखडत राहिले.

"आदल्या संध्याकाळी मी कापड उचलून पाहायला गेलो. कोटाची बाही लागली, एक काळा खडा जागेवरून गेला. मी अंदाजानं परत ठेवला. बोलायची लाज वाटली. मास्तर आणि कप्तान दोघे भले. वाद नको म्हणून म्हणाले, काही हललं नाही."

बोंग-सुन वहिनींनी वर पाहिले. आदल्या संध्याकाळी प्यो छोन यांच्या कितीतरी आधी निघाले होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी ओठ मिटले आणि प्यो यांच्या रिकाम्या वाटीत चहा ओतला.

"अंदाजानं ठेवला, आणि मेलेला कोपरा जगला?" मागून कोणीतरी खवचटपणे विचारले.

"फौजदारांचा खेळ मी पाहिलाय," छोन म्हणाले. त्यांचे डोळे खाली होते. "विचार करून ठेवला असता तर जगला नसता."

हशा पिकला. त्या हशात छोन उठले आणि खिडकीच्या पटाकडे पाठ करून बसले, असे की त्यांच्या रुंद खांद्यांआडून तो डाव कोणाला धड दिसू नये. त्या दिवसापासून ती त्यांची जागा झाली. हललेला खडा परत फिरवायचा का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा कप्तान खेकसले, "माझा डाव, माझं नुकसान. राहू द्या."

उम मास्तर मात्र अस्वस्थ झाले होते. ते उठून प्यो यांच्याजवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा उशिरा आलेल्या मुलाच्या खांद्यावर ठेवावा.

"प्यो, खडा हलला तर लगेच सांगावं. त्यात शरम कसली? माणूस विसरतो, चुकतो. लपवल्यानं मोठं होतं, एवढंच." त्यांनी कोटाच्या खिशातून कागदात गुंडाळलेले रताळे काढले. "हे घ्या. तिच्यासाठी घेतलं होतं. पण ती काही रागावायची नाही."

दाराशी मी-ह्यांगने तोंड फिरवून घेतले.

प्यो यांनी रताळे दोन्ही हातांनी घेतले. ते गार आणि टणक झाले होते. त्यांनी ते सोलून, सगळ्यांसमोर, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ले.

मग ते दाराच्या बिजागरीजवळ गेले. सर्वांत खालच्या ओळीतली आपली पट्टी त्यांनी खिळ्यावरून उचलली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. भिंतीवर तेवढ्या जागेचा रंग उजळ राहिला होता. पाठीमागे उम मास्तरांनी खडा ठेवला, आणि पटाच्या तारा बराच वेळ वाजत राहिल्या.